कामाचा आणि घरचा फोन एकच: दोन पर्यायांतून एक कसा निवडावा

नवा फोन घ्यायचे ठरले आणि थोडीफार चौकशी झाली, की बहुतेकांच्या यादीत शेवटी दोनच नावे उरतात आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. दोन्ही फोन चांगले असतात, दोघांचीही वाखाणणी करणारे लोक भेटतात, आणि वैशिष्ट्यांचा तक्ता समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली तरी निर्णय काही होत नाही. फोन केवळ खासगी वापरासाठी असेल तर अशा वेळी मनाला भावेल तो घ्यावा, फारसे बिघडत नाही. मात्र त्याच फोनवर कार्यालयाचे मेल, ग्राहकांचे कॉल आणि कामाच्या फाइली, आणि त्याच फोनवर घरच्यांचे फोटो, बँकेचे ॲप आणि खासगी संदेश असे सगळे नांदणार असेल, तर निकष बदलतात. अशा दुहेरी वापराच्या फोनमध्ये कॅमेरा आणि वेग यांचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनवर ताबा कोणाचा राहील, कामाची आणि खासगी माहिती किती नीट वेगळी ठेवता येईल आणि फोन किती वर्षे सुरक्षित राहील, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. असा फोन पहिल्यांदाच स्वतः निवडणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी 1: दोन्ही फोनांची नावे पूर्ण लिहून काढा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पुढचा सगळा घोळ इथेच टळतो. केवळ कंपनीचे आणि मालिकेचे नाव लिहून भागत नाही. मॉडेल, रॅम, साठवण क्षमता आणि तो फोन बाजारात कोणत्या महिन्यात आला, हे सारे लिहावे. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळा असू शकतो. सॅमसंग गॅलेक्सी एस24 काही बाजारपेठांत एक्झिनॉस प्रोसेसरसह, तर काहींत स्नॅपड्रॅगन प्रोसेसरसह विकला गेला. आयफोन 14 चे अमेरिकेत विकले गेलेले संच सिमकार्डाच्या खाचेशिवाय आले, तर इतर बहुतेक ठिकाणी तोच फोन सिमकार्डाच्या खाचेसह मिळाला. तुम्ही ज्याचे परीक्षण वाचले तोच संच तुमच्या हातात येणार आहे का, हे मॉडेल क्रमांक जुळवूनच कळते. परदेशातून कोणी फोन आणून देणार असेल तर ही खातरजमा दुपटीने करावी.

फोन बाजारात आल्याचा महिना का लिहायचा, ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी 2: खरेदीपूर्वी कार्यालयाला विचारा

बहुतेक जण आधी फोन घेतात आणि मग त्यावर कार्यालयाचे खाते जोडायला बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. जिथे तुम्ही काम करता तिथे संगणक व्यवस्था पाहणारा विभाग असेल, तर त्याला खरेदीपूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात: वैयक्तिक फोनवर कामाचे खाते वापरायला परवानगी आहे का, असल्यास आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही चालतात का, ऑपरेटिंग सिस्टिमची किमान कोणती आवृत्ती लागते, आणि फोन व्यवस्थापनाची कोणती पद्धत वापरली जाते.

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक कार्यालये कर्मचाऱ्यांच्या फोनवर मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट नावाची यंत्रणा बसवतात. तिच्याद्वारे कार्यालयाला काही नियम दूरवरून लागू करता येतात: लॉकचा पासकोड किमान इतक्या अंकी असावा, फोनची सुरक्षा अद्ययावत असावी, ठरावीक ॲपांतून मजकूर बाहेर कॉपी करता येऊ नये, इत्यादी. इथपर्यंत तक्रारीचे कारण नाही, कारण तुमच्या फोनवर असलेली ग्राहकांची माहिती ही तुमची मालमत्ता नसते आणि तिची काळजी घेणे कार्यालयाचे कर्तव्य असते. प्रश्न उरतो तो फोन दूरवरून पुसण्याच्या अधिकाराचा. काही पद्धतींत कार्यालय केवळ कामाचा भाग पुसू शकते; काहींत संपूर्ण फोन, म्हणजे तुमच्या मुलांच्या फोटोंसकट सर्व काही. काही ठिकाणी तर कोणतीही वेगळी यंत्रणा न बसवता, फोनच्या नेहमीच्या मेल ॲपमध्ये कार्यालयाचे खाते जोडतानाच अशा अधिकाराची परवानगी मागितली जाते, आणि घाईघाईत ‘मान्य’ वर बोट ठेवले जाते. तो संदेश थांबून वाचावा.

तुम्ही स्वतःचाच व्यवसाय करत असाल तर विचारायला कोणी नाही, पण म्हणून ही पायरी गळत नाही. तुमच्या ग्राहकांची कागदपत्रे फोनवर राहणार आहेत का, तुमच्या हाताखालचे कोणी तो फोन हाताळणार आहे का, आणि फोन हरवला तर तो दूरवरून पुसायची सोय तुम्ही चालू करून ठेवली आहे का, हे तुम्ही स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत.

कधी कधी कार्यालयाच्या उत्तरानेच निर्णय होऊन जातो. दोनपैकी एकाच प्रकारच्या फोनला परवानगी असेल, तर पुढच्या पायऱ्या केवळ मॉडेल ठरवण्यापुरत्या उरतात.

पायरी 3: दोन कप्पे किती पक्के आहेत ते पाहा

आजच्या घडीला फोनांची दोन मोठी घराणी आहेत. पहिला आयफोन 2007 साली आला आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन 2008 साली. तेव्हापासून दोघांनी एकमेकांच्या इतक्या गोष्टी उचलल्या आहेत, की रोजच्या वापरात फरक कमी जाणवतो. कामाची आणि घरची माहिती वेगळी ठेवण्याच्या बाबतीत मात्र दोघांची विचारसरणी आजही निराळी आहे, आणि तुमच्या दोन पर्यायांत एक आयफोन व एक अँड्रॉइड असेल तर इथे सर्वाधिक वेळ द्यावा.

अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ नावाची सोय आहे. कार्यालयाने ती तुमच्या फोनवर सुरू केली, की सर्व ॲप दाखवणाऱ्या पडद्यावर दोन भाग दिसू लागतात: एक वैयक्तिक, दुसरा कामाचा. कामाच्या भागातील प्रत्येक ॲपच्या चिन्हावर छोट्याशा ब्रीफकेसची खूण असते. एकच ॲप दोन्ही भागांत स्वतंत्रपणे राहू शकते; म्हणजे खासगी मेलसाठी एक जीमेल आणि कामाच्या मेलसाठी ब्रीफकेसवाले दुसरे जीमेल, दोघांची माहिती एकमेकांपासून पूर्ण वेगळी. काम संपल्यावर एका बटणाने कामाचा पूर्ण भाग थांबवता येतो. मग त्या ॲपांची चिन्हे फिकट होतात, सूचना येणे बंद होते, आणि सकाळी पुन्हा चालू करेपर्यंत तो भाग निद्रिस्त राहतो. फोन तुमच्या मालकीचा असेल, तर कार्यालयाला वैयक्तिक भागातील ॲप, फोटो किंवा संदेश दिसत नाहीत, आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर केवळ कामाचा भाग पुसला जातो. रजेच्या दिवशी त्या एका बटणाचे मोल कळते. माझ्या दृष्टीने दुहेरी वापरासाठी अँड्रॉइडची ही सर्वांत जमेची बाजू आहे.

आयफोनमध्ये वेगळा भाग डोळ्यांना दिसत नाही. 2019 च्या आयओएस 13 पासून (आयओएस म्हणजे आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) वैयक्तिक फोनसाठी ‘यूजर एनरोलमेंट’ ही पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात कार्यालयाने दिलेले ॲपल खाते तुमच्या स्वतःच्या खात्याशेजारी राहते आणि कामाची माहिती फोनच्या आत स्वतंत्र, कूटबद्ध जागेत साठवली जाते. कार्यालयाला पूर्ण फोन पुसता येत नाही आणि तुमची खासगी ॲप दिसत नाहीत. पडद्यावर मात्र सगळी ॲप एकाच रांगेत असतात, आणि एखादे ॲप एक तर कार्यालयाच्या व्यवस्थापनाखाली असते किंवा तुमच्या. त्याच ॲपच्या दोन वेगळ्या प्रती ठेवता येत नाहीत. कामाच्या वेळेनंतर सूचना थांबवण्यासाठी 2021 पासून ‘फोकस’ ही सोय आहे. कोणत्या वेळी कोणाचे कॉल आणि कोणत्या ॲपच्या सूचना येऊ द्यायच्या, हे तिच्यात ठरवता येते, आणि मुखपृष्ठाची ठरावीक पानेच दिसतील अशीही व्यवस्था करता येते. ती उत्तम चालते, पण मांडणी तुम्हाला स्वतः बसून करावी लागते.

कार्यालय यांपैकी काहीच वापरत नसेल, तर तुमचा कप्पा तुम्हालाच तयार करावा लागेल. सॅमसंगच्या बहुतेक फोनांवर ‘सिक्युअर फोल्डर’ असतो आणि अँड्रॉइड 15 पासून अनेक फोनांवर ‘प्रायव्हेट स्पेस’ मिळते. दोन्हींना वेगळे कुलूप लावता येते आणि त्यांत ॲपची दुसरी प्रत बसवता येते. आयओएस 18 पासून आयफोनवर एखादे ॲप कुलूपबंद करता किंवा लपवता येते, पण दुसरी प्रत मिळत नाही.

दोन्ही पर्याय अँड्रॉइडच असतील, तर ही पायरी लवकर उरकेल. एवढेच तपासावे, की तुमच्या कार्यालयाच्या मान्यताप्राप्त यादीत ती दोन्ही मॉडेल आहेत का. काही कार्यालये ठरावीक कंपन्यांचेच फोन स्वीकारतात.

पायरी 4: दोन नंबरांची व्यवस्था

कामाचा आणि घरचा नंबर वेगळा असावा, असे मी आग्रहाने सांगेन. नोकरी बदलली किंवा व्यवसाय दुसऱ्याकडे सोपवला, तर कामाचा नंबर मागे सोडता आला पाहिजे आणि घरच्या नंबराला धक्का लागता कामा नये.

दोन सिमकार्डांच्या खाचा, एक कार्ड व एक ई-सिम (फोनमध्येच बसवलेले, कार्ड न लागणारे सिम), किंवा दोन्ही ई-सिम असे तीन प्रकार आढळतात. आयफोनमध्ये 2018 च्या एक्सएस आणि एक्सआर मालिकेपासून कार्ड व ई-सिम ही जोडी आली, तर 2021 च्या आयफोन 13 पासून दोन ई-सिम एकाच वेळी चालू ठेवता येऊ लागले. 2025 चा आयफोन एअर तर जगभर केवळ ई-सिमवरच चालतो. ई-सिमचा फायदा असा, की फोन चोरीला गेला तरी चोराला सिम काढून फेकता येत नाही. तोटाही लक्षात घ्यावा: फोन अचानक बंद पडला, तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याचा जुना उपाय चालत नाही; नंबर नव्या फोनवर घेण्यासाठी मोबाइल सेवा कंपनीची प्रक्रिया पार पाडावी लागते. ज्यांचे काम कॉलवरच चालते, त्यांनी किमान एक खाच कार्डाची असलेला फोन निवडावा, असे मला वाटते. तुमची सेवा कंपनी त्या विशिष्ट मॉडेलवर ई-सिम देते का, हेही आधी विचारून घ्यावे.

दोन नंबर असले तरी दोन्हींवर एकाच वेळी बोलता येते असे नाही. बहुतेक फोनांत दोन्ही नंबर सज्ज असतात, पण एकावर बोलणे सुरू झाले की दुसरा सहसा लागत नाही. कॉल फॉरवर्डिंग किंवा वाय-फाय कॉलिंग लावून काही सेवांवर यातून मार्ग निघतो.

संदेशांच्या ॲपचाही विचार इथेच करावा. व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन वेगळी ॲप असल्यामुळे दोन नंबरांवरची दोन खाती एकाच फोनवर सहज ठेवता येतात, मग फोन कोणत्याही घराण्याचा असो.

कामासाठी कॉल ध्वनिमुद्रित करावे लागत असतील, तर दोन्ही फोनांवर ती सोय प्रत्यक्ष तपासा. गूगलने मे 2022 पासून आपल्या प्ले स्टोअरवरील ॲपांना ॲक्सेसिबिलिटी सुविधेचा (अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून दिलेल्या सोयीचा) वापर करून कॉल मुद्रित करण्यास मनाई केली; तेव्हापासून अँड्रॉइडवर ही सोय फोनच्या मूळ डायलरमध्ये (कॉल लावण्याच्या ॲपमध्ये) असली तरच भरवशाची असते. आयफोनवर ती 2024 च्या आयओएस 18.1 मध्ये आली, पण सर्व प्रदेशांत उपलब्ध नाही, आणि मुद्रण सुरू होताना समोरच्या व्यक्तीला तशी घोषणा ऐकू जाते. संमतीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे सोय आहे म्हणून वापरावी असे नाही.

पायरी 5: फोन किती वर्षे टिकेल याचा हिशेब मांडा

फोनचे आयुष्य तीन गोष्टींवर ठरते: सुरक्षा अपडेट, बॅटरी आणि दुरुस्ती. यांपैकी अपडेटची मुदत कामाच्या फोनसाठी निर्णायक असते, कारण मुदत संपल्यावर फोन वरकरणी व्यवस्थित चालत राहतो, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी त्यात तशाच उघड्या राहतात. काही कार्यालये अशा फोनला जोडणीच नाकारतात.

गूगलने ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या पिक्सेल 8 मालिकेपासून सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, आणि सॅमसंगने जानेवारी 2024 मधील गॅलेक्सी एस24 मालिकेसाठी तेच केले. ॲपल आकडा ठळकपणे जाहीर करत नाही, पण पूर्वानुभव सांगतो, की 2018 साली आलेल्या आयफोन एक्सआरला 2024 चे आयओएस 18 मिळाले. याच कंपन्यांच्या किंवा इतरांच्या स्वस्त मालिकांना मात्र बरीच कमी वर्षे मिळू शकतात. त्यामुळे कंपनीच्या नावावर विसंबू नये. नेमक्या मॉडेलची मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावी.

ही मुदत साधारणतः फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. म्हणूनच पहिल्या पायरीत तो महिना लिहायला सांगितला. सात वर्षांच्या आश्वासनाचा फोन तुम्ही दोन वर्षांनी सवलतीत घेतलात, तर तुमच्या वाट्याला पाचच वर्षे येतात, आणि पाच वर्षांचे आश्वासन असलेला अगदी नवा फोन मग त्याच्या बरोबरीचा ठरतो. दोन्ही फोनांपुढे ‘सुरक्षेची शेवटची तारीख’ असा रकाना करून वर्ष लिहावे. किंमत भागिले उरलेली वर्षे हा सोपा भागाकार केला, की महाग वाटणारा फोन कधी कधी स्वस्त निघतो.

बॅटरीच्या बाबतीत केवळ मिलिॲम्पिअर-तासांचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. पाच हजारांचा आकडा असलेला एक फोन चार हजारांच्या दुसऱ्या फोनपेक्षा लवकर संपू शकतो, कारण पडदा, प्रोसेसर आणि नेटवर्कची ताकद या सर्वांचा त्यात वाटा असतो. लिथियम-आयन बॅटरी वापरासोबत झिजतेच. किती चार्जिंग चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे पूर्ण क्षमतेइतका एकदा झालेला वापर) तिची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर येते, हा अधिक उपयोगी आकडा आहे. आयफोन 15 मालिकेसाठी ॲपलने आदर्श परिस्थितीत 1000 चक्रे असा आकडा दिला आहे. त्याआधीच्या मालिकांसाठी तो 500 होता. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या फोनांना ऊर्जा-लेबल बंधनकारक झाले आहे. बॅटरीची चक्रे, पडल्यावर टिकण्याची क्षमता आणि दुरुस्तीसुलभता या तिन्ही गोष्टी त्यावर छापलेल्या असतात, आणि ही माहिती सार्वजनिक असल्यामुळे तुम्ही जगात कुठेही असलात तरी ती शोधून दोन फोनांची तुलना करू शकता. माझ्या माहितीत इतकी तटस्थ तुलना दुसरीकडे क्वचितच मिळते.

दुरुस्तीविषयी दोनच प्रश्न पुरेसे आहेत: पडदा आणि बॅटरी बदलून देणारे अधिकृत केंद्र तुमच्या आवाक्यात आहे का, आणि त्याला किती दिवस लागतात? कामाचा फोन आठवडाभर केंद्रात अडकून पडणे परवडत नाही. फोनवर आयपी68 असे लिहिलेले असले, तरी तो धुळीपासून आणि ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यापासून प्रयोगशाळेत तपासला गेला एवढाच त्याचा अर्थ आहे. पाण्याने झालेले नुकसान बहुधा वॉरंटीत बसत नाही.

पायरी 6: साठवण

इथे घासाघीस करू नका. फोरके (4K, म्हणजे अतिशय स्पष्ट) व्हिडिओ रेकॉर्डिंगचे एक मिनिट, सेकंदाला 30 चित्रांच्या वेगाने आणि फाइल लहान करणाऱ्या आधुनिक पद्धतीने, आयफोनवर सुमारे 170 एमबी घेते. म्हणजे सहा मिनिटांत एक जीबी. त्यात कामाच्या फाइली, दोन खात्यांचे संदेश आणि ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच व्यापलेली जागा धरली, तर 128 जीबी लवकर भरते. आयफोनला मेमरी कार्डाची सोय कधीच नव्हती आणि सॅमसंगनेही 2021 च्या गॅलेक्सी एस21 पासून वरच्या मालिकेतून ती काढली. जागा नंतर वाढवता येणार नाही असे गृहीत धरून दुहेरी वापरासाठी 256 जीबी घ्यावे. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीवर, विसंबणार असाल, तर गूगल खात्यासोबत 15 जीबी आणि आयक्लाउडसोबत 5 जीबी मोफत मिळतात हे ध्यानात ठेवून पुढच्या मासिक वर्गणीचाही हिशेब धरावा. कामाच्या फाइली मात्र स्वतःच्या खासगी क्लाउडवर टाकू नयेत.

पायरी 7: दोन्ही फोन हातात घेऊन तुमचे रोजचे काम करून पाहा

दुकानातील प्रदर्शनासाठी ठेवलेल्या फोनवर लोक व्हिडिओ पाहतात आणि कॅमेरा उघडतात. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात. फोन एका हातात धरून अंगठा वरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत पोहोचतो का ते पाहा. दुसऱ्या हातात पिशवी असताना कॉल घ्यायचा प्रसंग रोज येतो. मराठीत पाच-सहा ओळींचा संदेश टंकून पाहा, त्यात जोडाक्षरे आणि अर्धचंद्र येतील असे शब्द मुद्दाम घ्या, आणि बोलून मराठी लिहिण्याची सोयही वापरून पाहा. हा अनुभव दोन फोनांत बराच वेगळा असू शकतो, आणि ज्यांना दिवसभर मराठीत लिहायचे आहे त्यांच्यासाठी तो कॅमेऱ्याहून मोठा आहे. पडद्याची चमक पूर्ण वाढवून दाराशी, उजेडात उभे राहून तक्त्यातील बारीक आकडे वाचता येतात का ते बघा. चेहऱ्याने किंवा बोटाने कुलूप उघडण्याची सोय थोडा वेळ तपासा. मास्क किंवा हातमोजे वापरावे लागणाऱ्यांनी त्यानुसार दोन्हींतली उपयोगी पद्धत ठरवावी.

मग जोडण्या पाहा. तुमचा कामाचा संगणक विंडोज आहे की मॅक, यावर पुष्कळ अवलंबून असते. मॅक आणि आयफोन यांचे आपसांत चांगले जमते. विंडोजवर फोन लिंक हे ॲप दोन्ही घराण्यांना जोडते, पण अँड्रॉइडसोबत त्याच्या सोयी अधिक आहेत. दोन्ही फोनांना यूएसबी-सी असले तरी केबलमधून माहिती सरकण्याचा वेग सारखा नसतो: आयफोन 15 मध्ये तो सेकंदाला 480 मेगाबिट, तर आयफोन 15 प्रो मध्ये योग्य केबल असल्यास 10 गिगाबिटपर्यंत जातो. मोठ्या व्हिडिओ फाइली रोज संगणकावर उतरवणाऱ्यांनाच हा फरक जाणवेल. फोन बाहेरच्या मोठ्या पडद्याला जोडून संगणकासारखा वापरायचा असेल, तर सॅमसंगची डेक्स ही सोय पाहण्याजोगी आहे.

कॅमेरा आणि वेग

या दोन गोष्टींसाठी वेगळी पायरी केलेली नाही. मधल्या आणि वरच्या वर्गातील कोणताही आजचा फोन मेल, कॉल, व्हिडिओ बैठक आणि कागदपत्रे यांसाठी पुरेसा वेगवान असतो. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून चित्राचा दर्जा ठरत नाही, कारण सेन्सरचा आकार आणि फोनच्या आतील प्रक्रिया यांचा परिणाम अधिक असतो. कामासाठी मात्र छापील कागदाचा आणि पांढऱ्या फळ्यावरील मजकुराचा फोटो घेऊन पाहावा. कडांची अक्षरे स्पष्ट आली, तर काम भागले. आयफोन 2017 पासून मुळात एचईआयसी प्रकारात फोटो साठवतो आणि काही जुन्या संगणकांवर तो उघडत नाही. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’ मध्ये जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले, की अडचण मिटते.

पायरी 8: निर्णय

आता कागदावर तुमच्यासमोर चार उत्तरे असतील: कार्यालयाची अट, कप्प्यांची सोय, दोन नंबरांची व्यवस्था आणि सुरक्षेची शेवटची तारीख. या चारांपैकी एकातही जो फोन नापास होतो, तो बाकी कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. दोन्ही उत्तीर्ण झाले, तर सातव्या पायरीत ज्याच्यावर हात लवकर बसला तो घ्यावा. सर्व निकषांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत मला पटत नाही, कारण तिच्यात सुरेख पडद्याचे गुण अपुऱ्या सुरक्षेची उणीव झाकून टाकतात.

घराणे बदलणार असाल तर तराजूत आणखी एक गोष्ट टाकावी. विकत घेतलेली ॲप एका घराण्यातून दुसऱ्यात जात नाहीत; ती पुन्हा घ्यावी लागतात. घड्याळ आणि जुनी साधनेही तपासावीत: ॲपल वॉच अँड्रॉइडसोबत चालत नाही आणि सॅमसंगची अलीकडची घड्याळे आयफोनसोबत चालत नाहीत.

वापरलेला फोन घेत असाल, तर पैसे देण्यापूर्वी *#06# डायल करून आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहा आणि तो खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी जुळवा. आधीच्या मालकाचे ॲपल किंवा गूगल खाते तुमच्यासमोर काढून घ्यायला सांगा, नाहीतर फोन रीसेट केल्यावर तेच खाते पुन्हा मागेल आणि फोन निरुपयोगी ठरेल. एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापनाखालचा फोन तर कदापि घेऊ नये. सेटिंगमध्ये ‘हा फोन संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, की तिथेच थांबावे.

पायरी 9: जुन्या फोनवरून स्थलांतर

इथे घाई करणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते, म्हणून क्रम पाळावा. पहिल्यांदा दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप नव्या फोनवर हलवावे आणि प्रत्येक कामाच्या खात्यात एकदा प्रवेश करून पाहावा. कोड जुन्याच फोनमध्ये राहिले आणि तो पुसला गेला, तर स्वतःच्याच खात्यांबाहेर अडकण्याची वेळ येते. त्यानंतर बँकेची ॲप नव्याने नोंदवावीत; ती बहुधा सिम आणि फोन यांच्याशी बांधलेली असतात आणि नुसत्या कॉपीने चालू होत नाहीत.

व्हॉट्सॲपच्या गप्पांसाठी वेगळी काळजी लागते. गूगल खात्यावरील बॅकअप आयफोनवर उतरवता येत नाही आणि आयक्लाउडवरील बॅकअप अँड्रॉइडवर. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप वापरावे लागते, आणि त्यासाठी आयफोन अगदी नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला असावा लागतो. म्हणून गप्पा हव्या असतील तर आयफोनची सुरुवातीची मांडणी पूर्ण करून टाकण्याआधीच हे काम करावे. उलट दिशेने जाताना दोन्ही फोन केबलने जोडण्याची पद्धत सर्वाधिक रुळलेली आहे.

कामाचे खाते सर्वांत शेवटी, कार्यालयाने सांगितलेल्या पद्धतीनेच जोडावे आणि जुन्या फोनवरील कामाचा भाग कार्यालयाला कळवून रीतसर काढून टाकावा. पूर्ण दोन आठवडे जुना फोन चार्ज करून, न पुसता बाजूला ठेवावा, कारण महिन्यातून एकदाच उघडली जाणारी ॲप विसरली जातात आणि त्यांचा ठावठिकाणा जुन्या फोनवरच सापडतो. त्यानंतर जुन्या फोनमधील ॲपल किंवा गूगल खात्यातून बाहेर पडावे, ई-सिम असल्यास ते नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करावी, आणि मगच सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करून तो विकायला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायला मोकळा करावा.